धाकट्या जावेला हवी असलेली जागा

आमच्या थेरगावच्या घरात कॉम्प्युटर एकच होता आणि तो माझा आहे असं मी धरून चालले होते. तसा तो घराचाच होता. पुढच्या खोलीत टीव्हीशेजारच्या टेबलावर असायचा आणि त्यावर कुणीही बसलं असतं तरी चाललं असतं. पण बसायचं कुणी नाही. नवरा आणि दीर कंपनीतून आले की मोबाइलमध्ये डोकं घालायचे. मी चाकणला एका लहान कंपनीत ड्रॉइंगचं काम करते. गाड्यांचे सुटे भाग मशीनवर घट्ट धरून ठेवायला जी फिक्श्चर लागतात, त्यांची ड्रॉइंग. उरलेलं काम घरी करता यावं म्हणून मागे लागून हा कॉम्प्युटर मीच जोडून घेतला होता.

त्यावर माझ्याशिवाय जीव होता तो एकाच माणसाचा, सासऱ्यांचा. त्यांना आम्ही मामा म्हणतो. पिंपरीतल्या एका कारखान्यात ते टूलरूमला फिटर होते, तिथूनच रिटायर झाले. सासूबाई माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेल्या आणि मामांचे दिवस मोकळे पडले. मग रविवारी सकाळी मी कॉम्प्युटर लावला की ते प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्या डाव्या हाताला येऊन बसायचे. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण ड्रॉइंग माझ्यापेक्षा जास्त कळायचं. स्क्रीनकडे बघता बघता म्हणायचे, "हा बोल्ट हितं टाकलास पोरी, पण पाना कुठनं घालायचा मशीनवाल्यानं?" मी बघायचे तर खरंच पाना फिरवायला जागा नसायची. सोमवारी कंपनीत साहेब म्हणायचे, तुमच्या ड्रॉइंगबद्दल शॉपवरून, मशीनवरच्या लोकांकडून, तक्रार येत नाही. त्याचं कारण घरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलं असतं, हे मी कधी सांगितलं नाही.

माझे वडील मी नववीत असताना गेले. माझ्या शेजारी बसून माझं काम लक्ष देऊन बघणारं मोठं माणूस मला मामांच्या आधी मिळालं नव्हतं. आणि त्या घरात 'पोरी' म्हटलं की ती मीच होते.

मग दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ परभणीची. कॉम्प्युटरमध्ये बीएस्सी केलेली, काळेवाडीतल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागली. बोलणं गावाकडचं, काम झपाट्याचं. आल्यानंतर दोन महिन्यांनी तिनं मला विचारलं की कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स, म्हणजे दुसरी एक सिस्टीम, टाकली तर चालेल का. तिला पुढं सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी ते शिकायचं होतं. तुमच्या विंडोजला हातसुद्धा लागणार नाही, असं तिनं दोनदा सांगितलं. मी मोठ्या मनानं हो म्हटलं. त्यात थोडी ऐटही होती, कारण विचारावं लागलं होतं मला.

तेव्हापासून बटण दाबलं की आधी काळा पडदा यायचा आणि त्यावर दोन ओळी. वरची तिची, खालची माझी. बाण खाली नेला की माझं विंडोज, माझी ड्रॉइंग. काहीच न करता दहा सेकंद थांबलं की आपोआप तिचं सुरू व्हायचं. ते दहा सेकंद मला खटकायचे. एकदा तिला म्हटलंही, माझं आपोआप सुरू होईल असं कर. तिनं लगेच करून दिलं, काही न विचारता. तेही मला खटकलं.

पण खरी ठिणगी पडली ती कॅसेटवरून.

मामांच्या तरुणपणी वस्तीतल्या कामगारांची एक गायन पार्टी होती. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घराच्या वास्तूला, ही मंडळी भीमगीतं गायची. मामा हार्मोनियम वाजवायचे. त्या कार्यक्रमांच्या चाळीसेक कॅसेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून होत्या. मला त्या डब्याबद्दल माहीत होतं. दर दिवाळीच्या साफसफाईला मीच तो पुसून परत माळ्यावर ठेवायचे. मामांना काय पाहिजे हे कधी विचारलं नाही. धाकटीनं विचारलं. कुठून तरी जुना टेपरेकॉर्डर मिळवला, त्यातून एक वायर कॉम्प्युटरला जोडली आणि लिनक्सच्या बाजूला ती गाणी उतरवून घ्यायला लागली. नुसती उतरवत नव्हती, खरखर काढून आवाज स्वच्छ करत होती. कॅसेट जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ उतरवायला लागतो. म्हणजे मामा आता तास-तास तिच्या शेजारी बसायला लागले. त्याच खुर्चीवर.

मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मामा सांगायचे की हा ढोलकीवाला पेंट शॉपला होता, आता तो चऱ्होलीला राहतो, ही टाळी त्याच्या बायकोची. धाकटी सगळं लिहून घ्यायची. एकदा ते हसले. बारा वर्षांत मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं. माझ्या हातात लाटणं होतं आणि पोळी तव्यावर करपली, एवढं आठवतं. आणि 'पोरी' अशी हाक आली की आता आम्ही दोघी मान वळवायचो. बहुतेक वेळा हाक तिला असायची.

रविवारी मी ड्रॉइंग काढून बसले तर मामा म्हणायचे, झालं का तुझं, म्हणजे आम्हाला बसायला. 'आम्हाला' हा शब्द मी दिवसभर चघळायचे.

त्या पावसाळ्यात एकदा भाजी निवडताना धाकटी म्हणाली, "ताई, माझ्याकडली जागा संपायलीय. तुमच्याकडची साठ जीबी दिली तर बाकीच्या कॅसेट मावतील."

कॉम्प्युटरच्या डिस्कवर तिनं सुरुवातीला स्वतःसाठी फार थोडी जागा घेतली होती. बाकीची सगळी माझ्याकडे होती आणि त्यातली निम्मीसुद्धा मी वापरत नव्हते. साठ जीबी गेल्यानं माझं काहीच अडलं नसतं. मी म्हटलं, माझ्याकडे पण भरत आलंय गं, बघून सांगते. आणि त्याच संध्याकाळी, ती वर तिच्या खोलीत असताना, मी माझ्या ड्रॉइंगचा जो सगळ्यात मोठा फोल्डर होता त्याची एक कॉपी केली. मग दुसरी. मग तिसरी. एकीला 'जुनी कामं' नाव दिलं, एकीला 'बॅकअप', एकीला 'साहेबांना दाखवणे'. शिवाय कंपनीतल्या मशीनच्या व्हिडिओंचा ढीग आणून टाकला. डिस्कची पट्टी निळ्याची लाल झाली तेव्हा मला बरं वाटलं. चाळिशीला आलेली बाई मी. तेव्हा त्याची लाज वाटली नाही.

आठवड्यानं तिला म्हटलं, बघ तूच. तिनं पाहिलं. कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते रंगीत चौकोनांत दाखवणारं एक सॉफ्टवेअर तिच्याकडे होतं. पडद्यावर एकाच आकाराचे चार चौकोन शेजारी शेजारी आले. मी तिच्या मागे उभी होते. तिनं चारही चौकोनांवरून माऊस फिरवला. मग म्हणाली, "हे एकच चार वेळा कॉपी झालंय वाटतं, ताई. होतं असं चुकून."

तिनं मला वाट करून दिली होती. मला ते कळलं, आणि म्हणूनच मी जास्त चिडले. हो, चुकून झालं असेल, म्हटलं, लागेल तेवढं काढ आणि घे तुला पाहिजे तेवढी.

तिनं वहीच्या पाठीमागच्या पानावर चित्र काढून मला समजावलं. डाव्या बाजूला माझं विंडोज, उजव्या बाजूला तिचं लिनक्स. माझ्या उजव्या कडेची साठ जीबी आधी मोकळी करायची. तेवढं सोपं होतं, पाच मिनिटांचं काम. पण मोकळी झालेली जागा तिच्या डावीकडे येणार. म्हणून तिचं सगळंच्या सगळं उचलून डावीकडे सरकवायचं आणि मग रुंद करायचं. सरकवताना एक एक तुकडा जुन्या जागेवरून उचलून नव्या जागेवर जाते. त्याला तीन-चार तास लागतात आणि त्या वेळात लाइट जाता कामा नये. अर्ध्यात बंद पडलं तर जुनं राहत नाही आणि नवं होत नाही.

आमच्या यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली होती. लाइट गेली की चार-पाच मिनिटं शिट्टी मारून तो बंद पडायचा. धाकटीला ते माहीत होतं. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून गुरुवार नको, मंगळवारी करू, असं तिनं ठरवलं. मंगळवारी तिच्या क्लासला सुट्टी. आणि त्याआधी सगळ्या गाण्यांची कॉपी बाहेर काढून ठेवायची, म्हणून तिनं माझी पोर्टेबल हार्ड डिस्क एका दिवसासाठी मागितली.

हार्ड डिस्क माझ्या कपाटात साड्यांच्या खाली होती. मी सांगितलं, ऑफिसात राहिलीय.

का सांगितलं, तेव्हा मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की तिला सगळं आयतं कशाला. त्यापुढचा विचार माझ्या डोक्यात नव्हता, हे खरं आहे. पण तेवढं खरं असून भागत नाही. ती म्हणाली, असू दे, लाइट गेली नाही म्हणजे झालं.

सोमवारी संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. ती शेजारी कणकेचे गोळे करत होती. ओट्यावर माझा फोन वाजला म्हणून मी हात पुसून बघितला. वीज कंपनीचा मेसेज होता. मीटर बदलला तेव्हा मी घरी होते, म्हणून आमच्या मीटरला नंबर माझा लागलाय. मेसेजमध्ये लिहिलं होतं की तातडीच्या कामासाठी आमच्या भागात उद्या, मंगळवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन लाइट बंद राहील.

मी फोन पालथा ठेवला. ती म्हणाली, कुणाचा? मी म्हटलं, असाच, जाहिरात.

सकाळी मी निघाले तेव्हा तिनं पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केला होता. मामा अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून खुर्चीवर बसले होते, पाहुणे येणार असल्यासारखे. तिनं मला दाखवलं की तुमचा भाग व्यवस्थित लहान झाला, आता सरकवायला लावते. मी बघितलं आणि डांगे चौकात कंपनीच्या बसला जाऊन उभी राहिले. बसमध्ये मी स्वतःला समजावत होते. मेसेज येतात आणि लाइट जात नाही, असं कितीतरी वेळा झालंय. आजही जाणार नाही. आणि गेलीच तर मी काही केलेलं नाही.

पावणेदहाला माझ्या टेबलावर मी फोन हातात घेतला. तिचा नंबर समोर आणला. थांबवता येत असेल तर थांबव, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात साहेबांनी खाली शॉपवर बोलावलं आणि मी फोन खिशात टाकून गेले. बोलावलं नसतं तर मी तो फोन केला असता का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

सव्वादहाला तिचाच फोन आला. शॉपच्या आवाजात मला आधी नीट ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "ताई, लाइट गेली. चाळीस टक्के झालं होतं." मग म्हणाली, "मामा हितंच बसलेत."

मी म्हटलं, अगं बाई, आज मंगळवार ना. अशी कशी गेली.

त्या दिवसातलं काहीही आठवलं तर मला हे वाक्य सगळ्यात आधी आठवतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर होती. माझी बाजू कशीबशी सुरू करून तिनं तपासून ठेवली होती. माझी ड्रॉइंग जशीच्या तशी होती, एक रेघ हललेली नव्हती. तिच्या बाजूचं काहीच उघडत नव्हतं. पुढचे चार दिवस ती हरवलेल्या फाइली शोधणारं एक सॉफ्टवेअर लावून बसली. त्यातून तुकडे निघाले. नाव नसलेले, पाच-दहा सेकंदांचे. टाळ्या. कुणीतरी घसा साफ केला. अर्धी ओळ आणि पुढं खरखर. मामा प्रत्येक तुकडा कान देऊन ऐकायचे आणि हा अमक्याचा आवाज, असं सांगायचे. मग एक दिवस म्हणाले, राहू दे पोरी, डोळे जातील तुझे.

सतरा कॅसेट उतरवून झाल्या होत्या. त्यातल्या सोळा पुन्हा उतरवता आल्या असत्या, कारण कॅसेट घरात होत्या. सतरावी मात्र संपली होती. ती एकदा वाजली, उतरवून झाली, आणि काढताना टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून तुटली. फीत चुरगाळून अशी झाली होती की जोडूनही वाजेना. तेव्हा आम्ही सगळेच म्हणालो होतो, बरं झालं, कॉम्प्युटरमध्ये आलीय. त्या कॅसेटवर मामांच्या पार्टीचा मुख्य गायक एकटा गायलेला होता. तो कारखान्यात फोर्जिंगला, तापलं लोखंड ठोकायच्या खात्यात, कामाला होता आणि जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा आवाज दुसऱ्या कुठल्या कॅसेटवर एकट्याचा नव्हता.

मामा रागावले नाहीत. मशीन आहे, व्हायचंच, एवढं म्हणाले. धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली की चूक माझी आहे, कॉपी काढल्याशिवाय हात लावायला नको होता. मी तिथंच बसले होते. तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि असू दे गं म्हटलं. नवऱ्यानं नंतर मला सांगितलं, तू तिला छान सांभाळून घेतलंस.

दहा दिवस असे गेले. मग शेजारची बाई विरजण मागायला आली आणि बोलता बोलता म्हणाली की त्या मंगळवारी मेसेज आधीच आला होता म्हणून मी पाणी भरून ठेवलं, नाहीतर हाल झाले असते. विरजण घेऊन ती गेली. धाकटी गॅसजवळ उभी होती. तिनं वळून न बघताच विचारलं, "ताई, आपल्या मीटरला कुणाचा नंबर हाय?"

"माझा."

"मग मेसेज आला नव्हता का?"

"आला होता."

ती वळली. "बघितला नसंल तुम्ही."

पुन्हा एकदा ती मला वाट करून देत होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "बघितला होता. सोमवारीच. तू कणकेचे गोळे करत होतीस तेव्हा." आणि एकदा तोंड उघडल्यावर हार्ड डिस्क कपाटात होती तेही सांगून टाकलं.

तिनं गॅस बंद केला. आमटी अर्धी कच्ची होती. मला वाटलं ती ओरडेल, आणि तिनं ओरडावं असं मला वाटत होतं. तिनं विचारलं, "का पण?"

मामा तुझ्याशी हसतात म्हणून, हे चाळिशीतल्या बाईनं तोंडानं कसं म्हणायचं? माझी नजर पुढच्या खोलीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे गेली. तिला बहुतेक कळलं, कारण तिच्या चेहऱ्यावर राग होता तिथं क्षणभर काहीतरी वेगळं आलं, आणि मग पुन्हा राग आला. ती म्हणाली, "मामांना तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही, आणि त्यांनी विचारलं तर झाकणार पण नाही." आणि वर निघून गेली.

मामांना सांगायला मला आणखी तीन दिवस लागले. दुपारी ते पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मी समोर उभी राहून सांगितलं, मेसेजपासून सगळं. तीन कॉप्या केल्या होत्या तेसुद्धा. त्यांनी पेपरची घडी घातली. मधे एकदाच विचारलं, "किती वाजता आलता मेसेज?" मी सांगितलं. ते उठले, चपला घातल्या आणि विहाराकडे निघून गेले. त्यानंतर आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. चहा दे, दार लाव. 'पोरी' नाही, काहीच नाही. धाकटीही बोलत नव्हती. दिराला आणि नवऱ्याला काय झालंय ते कळेना, आणि मी सांगितलंही नाही. त्या आठ दिवसांत मला कंपनी बरी वाटायची.

नवव्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. मामा पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "तो गाणारा होता ना, त्याचा आवाज लई चांगला होता. मला सहन व्हायचा न्हाई तो."

मी कपडे तसेच हातात धरून उभी राहिले.

ते सांगायला लागले. पार्टी मामांनी उभी केली होती. हार्मोनियम त्यांची, चाली त्यांनी बसवलेल्या, माणसं त्यांनी गोळा केलेली. आणि कार्यक्रम संपला की लोक हार त्याच्या गळ्यात घालायचे. निगडीला एकदा मोठा कार्यक्रम होता. त्याचा घसा बसलेला होता. तो मामांना म्हणाला, आज पट्टी खाली धर. मामांनी नेहमीपेक्षा वर धरली. तिसऱ्या कडव्याला त्याचा आवाज फाटला, पुढच्या रांगेतली माणसं हसली. त्याला वाटलं आपलाच घसा. मामांची माफी मागितली त्यानं, की माझ्यामुळं कार्यक्रम पडला.

"तुम्ही त्याला सांगितलं का नंतर?" मी विचारलं.

"न्हाई. मरस्तवर न्हाई सांगितलं. शेवटी दवाखान्यात भेटाय गेलतो, तवा पण न्हाई." मग म्हणाले, "तू सांगितलंस. पण म्हणून मी इसारलोय असं समजू नको. त्याचा आवाज गेला तो गेलाच."

एवढं बोलून ते आत गेले. मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी रजा घेतली. माझ्या राहिलेल्या कॉप्या आणि व्हिडिओंचा ढीग सगळा काढून टाकला आणि धाकटीला म्हटलं, साठ नको, दोनशे घे. ती खुर्ची ओढून बसली. आता सरकवायला तिच्या बाजूला काही उरलेलंच नव्हतं, त्यामुळे सगळं काम अर्ध्या तासात झालं. यूपीएसला नवी बॅटरी मी आधीच बसवून घेतली होती. हार्ड डिस्क टेबलावर ठेवली ती तिथंच राहिली. मग कॅसेट पुन्हा पहिलीपासून सुरू झाल्या. मामा मधल्या खुर्चीवर, ती माऊसवर आणि मी कॅसेट घालायला, काढायला आणि वहीत गाण्याची पहिली ओळ लिहायला. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून नाही. मीच म्हटलं होतं की मला काहीतरी काम द्या.

ती माझ्याशी बोलायची, पण 'ताई' म्हणायची नाही. ही बाजू संपली. ती वायर बघा. असं नाव-गाव नसलेलं बोलणं. महिना-सव्वा महिना तसं चाललं. मग एका रविवारी, नवव्या की दहाव्या कॅसेटला, मामा डुलक्या घेत होते आणि टेप कटकन थांबली. ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "ताई, उलटी करा." मी कॅसेट उलटी केली. बटण दाबलं आणि वही पुढं ओढली.

चाळीसपैकी अडतीस कॅसेट उतरल्या. एक ती तुटलेली आणि एक कोरीच निघाली. विहारात पौर्णिमेला त्यातली गाणी लावतात. मामा लोकांना सांगतात, माझ्या सुनांनी केलंय. दोघींनी, असं. मी तिथं असले की मला खाली बघावंसं वाटतं.

धाकटीला पुढच्या वर्षी सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि दीर-जाऊ चऱ्होलीला फ्लॅट घेऊन राहायला गेले. मामा आता पंधरा दिवस तिकडं आणि पंधरा दिवस आमच्याकडं असतात. तिकडून आले की त्यांचं बोलणं दोन दिवस तिकडचंच चालतं. गॅलरीतून इंद्रायणी दिसते. तिनं त्यांच्या फोनवर सगळी गाणी टाकून दिलीत. तिच्या हातची ज्वारीची भाकरी परभणीसारखी पातळ होते. मी वाटाणे सोलत ऐकत असते. पोटात अजून दुखतं, ते गेलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं बोलून झालं की मीच विचारते, मग तिच्याकडं परत कधी जायचंय? ते म्हणतात, "आत्ताशीक तर आलोय की गं."